डावीकडे बसलेले आकडे

माझ्या नवऱ्याला कोणी विचारलं, "वहिनी काय करायच्या?" तर तो अजूनही सांगतो, "कॉम्प्युटरवर आकडे इकडचे तिकडे करायची." ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक शंका येऊन जाते आणि मग मला अर्धा तास खुलासा करावा लागतो. पूर्वी मी चिडायचे. आता निवृत्त होऊन दीड वर्ष झालंय, आणि शांतपणे विचार केला तर त्याचं फारसं चुकतही नाही. आधी रबाळ्याला एका रबर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आणि नंतर खारघरला एका प्रशिक्षण संस्थेच्या ऑफिसात मी तेच केलं. दुसऱ्या कोणीतरी कुठेतरी भरलेले आकडे माझ्याकडे यायचे. मी ते एक्सेलमध्ये घ्यायचे, त्यांना शिस्त लावायचे आणि क्रमाने उभे करून पुढे पाठवायचे.

ज्यांचा या कामाशी संबंध आला नाही त्यांना एवढंच सांगते, की एक्सेलमध्ये आकडे उजवीकडे टेकून बसतात आणि अक्षरं डावीकडे. जुन्या लग्नांत बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसायचे ना, तसंच. आता बाहेरून आणलेल्या फाइलमध्ये गंमत अशी होते, की एखादा ७९ दिसायला ७९ असतो, पण त्याच्या शेपटीला एक रिकामी जागा चिकटलेली असते, किंवा कोणीतरी हौसेने पुढे 'टक्के' लिहिलेलं असतं. झालं, एक्सेल त्याला आकडा मानायचंच बंद करतं. तो गुपचूप डावीकडे जाऊन बसतो. त्याची बेरीज होत नाही, सरासरीत तो धरला जात नाही, आणि क्रम लावायला गेलात तर एकनंतर दहा, दहानंतर शंभर आणि मग दोन, असा शब्दकोशासारखा लागतो. आमच्या कामाचं अर्धं कसब म्हणजे हे डावीकडे बसलेले आकडे हेरणं आणि त्यांना समजावून उजवीकडे आणणं. माझी नजर त्यात इतकी तयार झाली होती, की लोकांच्या लग्नपत्रिकेतसुद्धा मी आधी तारीख कुठे टेकलीये ते बघायचे.

कारखान्यात स्टोअरला गोळेभाऊ होते. मिश्रणाची वजनं ते स्वतः शीटमध्ये भरत आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. एकदा लागोपाठ चार घाण्यांचं रबर मऊ निघालं. सगळ्यांनी मशीन तपासलं, माल तपासला, एकमेकांना बोलूनही झालं. शेवटी मी गोळेभाऊंच्या शेजारी स्टूल टाकून बसले. त्यांनी काट्याकडे बघून "साडेतीन" म्हटलं आणि टाइप केलं ३.३०.

"भाऊ, साडेतीन म्हणजे तीन पॉइंट पाच," मी म्हटलं.

"असं कसं, मॅडम? घड्याळात साडेतीन म्हणजे तीन-तीसच ना?"

काट्याने वजन बरोबरच दाखवलं होतं. शीट मात्र साडेतीनला दोनशे ग्रॅम कमी धरत होती आणि बाकीची मापं त्या आकड्यावरून निघत होती. सव्वातीन ते अर्थातच ३.१५ भरत. मी त्यांना रागावले नाही, कारण त्याच सकाळी घरी मीच डब्याची वेळ साडेबारा म्हणून १२.५ लिहिली होती.

सोसायटीनेही माझ्या कसबाचा भरपूर फायदा घेतला. आमच्याकडे इमारतींना नंबर आहेत. पाच नंबरच्या इमारतीतला तीन नंबरचा फ्लॅट म्हणजे ५-३. गणपतीत आरतीचा मान कोणाला कधी, याची यादी सेक्रेटरींनी एका वर्षी उत्साहाने एक्सेलमध्ये केली आणि फलकावर लावली. एक्सेलला मध्ये आडवी रेघ दिसली की तारीख दिसते. त्यामुळे ५-३ मध्ये राहणाऱ्या सावंतकाकूंचं घर 'पाच मार्च' झालं. काकू यादीचा फोटो घेऊन माझ्या दारात.

"गणपती भाद्रपदात आणि माझी आरती मार्चात? मी काय शिमग्याला टाळ वाजवू?"

मी यादी दुरुस्त करून दिली. तेव्हापासून सोसायटीत माझं नाव 'एक्सेलवाल्या परब मॅडम' पडलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. आपल्याला येतं आणि दुसऱ्यांना येत नाही, यात एक गोड सुख असतं. त्या सुखाने मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलं. हा लेख लिहायला बसले ती खरं तर तेच सांगायला.

संस्थेतल्या माझ्या शेवटच्या वर्षाची गोष्ट आहे. आमच्याकडे लॅब टेक्निशियनचा कोर्स होता आणि त्याला चाळीस जागा. बारावीच्या टक्क्यांवर यादी लागायची. त्या वर्षी अर्ज पहिल्यांदाच वेबसाइटवर भरून घेतले. वेबसाइट करणाऱ्यांनी टक्क्यांच्या रकान्यात वाटेल ते लिहायची मुभा ठेवली होती आणि आपल्या लोकांनी ती मनापासून वापरली. कोणी ७९, कोणी ७९ टक्के, कोणी अक्षरी लिहिलेलं. एकाने 'ऐंशीच्या आसपास' लिहिलं होतं, आणि एका मुलीने 'निकालाची प्रत पप्पांकडे आहे'. फाइल उघडून मी उतरत्या क्रमाने यादी लावली, तर अक्षरी 'बावन्न' लिहिणारा मुलगा पहिला! उतरत्या क्रमात डावीकडची मंडळी सगळ्या आकड्यांच्या डोक्यावर जाऊन बसतात. ते मला माहीतच होतं, त्यामुळे मी हसले. माझ्या हाताखाली तन्वी नावाची मुलगी होती, तिला बोलावून दाखवलंसुद्धा. "बघ, हे असं होतं. आता गंमत बघ."

गंमत म्हणजे मी एक सूत्र लावलं. त्याने बरेचसे आकडे शेपट्या झटकून उजवीकडे आले. सत्तावीस आले नाहीत. तिथे नुसती एररची चिन्हं उमटली. ती मला बघवेनात, म्हणून ते सत्तावीस चौकोन मी रिकामे केले, मूळ रकाना काढून टाकला आणि फाइल त्याच नावाने सेव्ह केली.

या कामातला पहिला धडा असा, की बाहेरून आलेली मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवायची आणि काम नकलेवर करायचं. हा धडा मी रबाळ्यात शिकवला, खारघरात शिकवला, सावंतकाकूंच्या मुलालाही शिकवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्या दिवशी मला दुपारी लवकर निघायचं होतं, एवढंच त्याचं कारण. फार मोठं कारण असतं तर निदान सांगताना बरं वाटलं असतं.

"या सत्तावीस जणांना फोन करून टक्के विचार आणि भर," मी तन्वीला सांगितलं.

तन्वी पंचविशीची, खारघरातच वाढलेली. कामाला चोख, फोनवर आवाज इतका गोड की मुलांच्या आया तिला घरचं सगळं सांगत बसत. घरी पूर्ण मराठी वातावरण, उकडीचे मोदक मला येत नाहीत ते तिला येतात. फक्त आकडे इंग्रजीत. भाजीवाला 'पस्तीस' म्हणाला की ती 'थर्टी फाइव्ह ना?' असं विचारून खात्री करून घ्यायची. आम्ही तिला यावरून चिडवायचो आणि तीही हसायची. पण त्या दिवशी तिला फोनला बसवताना हे माझ्या डोक्यात आलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, डन. ट्वेंटी सेव्हनच्या ट्वेंटी सेव्हन. एकपण मिस नाही." मी क्रम लावला. सगळे आकडे उजवीकडे टेकून बसलेले पाहून मला समाधान वाटलं. यादीवर सही केली आणि ती फलकावर लागली.

चार दिवसांनी प्रवेश सुरू झाले. पहिल्याच सकाळी एक मुलगी आणि तिची आई दारात उभ्या. प्रतीक्षा म्हात्रे, यादीत अकरावी. खाडीकाठच्या गावातली मुलगी. 'हा कोर्स का निवडला?' या प्रश्नाला तिने अर्जात लिहिलं होतं, 'मला रक्त बघून भीती वाटत नाही.' ते वाचून आम्ही हसलो होतो, म्हणून नाव लक्षात होतं. मी तिची मार्कशीट हातात घेतली. टक्के एकोणऐंशी. यादीत होते एकोणनव्वद.

"हे काय?" मी विचारलं. माझा आवाज चांगला नव्हता, हे मला आजही आठवतं.

"मॅडम, यादी बघून मलापण कळलं नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटलं तुमी काहीतरी जोडलं असेल. स्पोर्ट्सचे वगैरे."

हे ऐकून माझा संशय बळावला. मी तिला अर्जाच्या तळाची ओळ वाचून दाखवली. माहिती खोटी आढळल्यास अर्ज बाद, आणि पुढच्या वर्षीही अर्ज करता येणार नाही. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाली, "मॅडम, मी दुसऱ्या कॉलेजचा फॉर्म भरलाच नाय. अकरावा नंबर बघितला म्हणून. त्याची लास्ट डेट काल गेली."

आता तिची आई पुढे झाली. "म्याडम, पोरीवर राग काढू नका. फोन मी घेतलावता. ही घरी नव्हती. तुमची म्याडम बोलली, किती टक्के? मी सांगितला, एकोनऐंशी. आमी खोटा कशाला बोलू?"

मी तन्वीला हाक मारली. ती आली, यादी बघितली आणि ठामपणे म्हणाली, "हो मॅडम, मला आठवतं. आंटींनी एकोणऐंशी सांगितलं. मी एकोणऐंशीच टाइप केलं."

दोघी एकच सांगत होत्या आणि शीटमध्ये एकोणनव्वद होते. मग मला भाजीवाल्याचं 'पस्तीस' आठवलं.

"तन्वी, एकोणऐंशी म्हणजे किती?"

"एट्टी नाईन."

तन्वीने आमच्या तोंडांकडे बघितलं आणि घाईघाईने समजावू लागली, "एक्क्याऐंशी एट्टी वन, ब्याऐंशी एट्टी टू, मग एकोणऐंशी एट्टी नाईनच ना, मॅडम?"

तुम्हीच सांगा, तिच्या तर्कात चूक काढा. ज्याच्या नावात ऐंशी आहे तो ऐंशीच्या घरातलाच असणार, असं कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल. वेडेपणा आपल्या भाषेचा आहे आणि आपल्याला त्याची सवय झालीये. प्रतीक्षाच्या आईने मात्र तिला एका ओळीत शिकवलं. "ऐंशीला एक उना गो, पोरी. एक उना, म्हनून एकोन." तन्वीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

एवढ्यात आमचे प्राचार्य बोरसे सर आत आले. माणूस धुळ्याकडचा, सरळ आणि नियमाला पक्का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फोनवर कोण काय बोललं ते सोडा. मुलीने अर्जात स्वतः काय भरलं होतं? तो रकाना दाखवा. तिथं एकोणऐंशी असेल तर आपली चूक. एकोणनव्वद असेल तर अर्ज बाद."

त्यांचं अगदी बरोबर होतं. फक्त तो रकाना आता माझ्याकडे नव्हता. वेबसाइटवाल्यांना तन्वीने फोन लावला, तर माणूस गावाला गेलेला, सोमवारी देतो म्हणाले. आणि सर त्याच दिवशी निर्णय द्यायच्या विचारात होते, कारण मागे यादीतली मुलं खोळंबली होती.

फाइल खराब झाली, एवढं म्हणायचा अवकाश होता. सरांनी माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला असता, कारण आकड्यांच्या बाबतीत ते नेहमीच तसा ठेवत. माझ्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. निरोप समारंभात सर काय बोलणार, हेही मला साधारण माहीत होतं. पण मग संशय त्या मुलीच्या कपाळी बसला असता. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मार्कशीटचं प्लॅस्टिकचं पाकीट दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"सर, तो रकाना मी काढून टाकला," मी म्हटलं. "मूळ फाइल ठेवली नाही. त्यात काय होतं ते आता मला दाखवता येणार नाही. फोन करायला लावले तेही मी, आणि न तपासता सही केली तीही मीच. तन्वीचं किंवा या मुलीचं काही नाही."

"तुम्ही?" सर एवढंच म्हणाले.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. मला मनापासून लाज वाटली. साऱ्या नोकरीत वाटली नव्हती तेवढी एका वेळी वाटली.

सरांनी यादी पुढे ओढून घेतली. मग म्हणाले, "अर्ज बाद नाही. पण यादी नव्याने लावा, आणि सगळ्या सत्तावीस जणांच्या मार्कशीट मागवून लावा." त्या संध्याकाळपर्यंत तन्वी आणि मी फोटो मागवत बसलो. ज्यांच्या टक्क्यांत एकोण होतं, त्यांतल्या आणखी तिघांना आमच्या कृपेने दहा-दहा टक्के जास्त मिळाले होते. दोघं इतके मागे होते की दहा वाढूनही आत आले नव्हते, त्यामुळे त्यांना आपल्या श्रीमंतीचा पत्ताच नव्हता. तिसरा नव्व्याण्णव टक्क्यांनी आमच्या यादीत पहिला होता. त्याच्या वडिलांनी तोवर त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर हार घातलेला फोटो टाकला होता. खरे एकोणनव्वद लावले तेव्हा तो दहाव्या जागी आला. वडील फोनवर मला जे बोलले ते दिवाळीच्या अंकात छापण्यासारखं नाही.

खऱ्या यादीत प्रतीक्षा एक्केचाळिसावी आली.

जागा चाळीस. मी यादी तीनदा लावून पाहिली, की चुकून कुठे कोणी डावीकडे बसलाय का. कोणीही बसला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या मायलेकींना बोलावून मी स्वतः सांगितलं आणि माफी मागितली. प्रतीक्षा "ठीके मॅडम" म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. आई मात्र माझ्याकडे रोखून बघत होती.

"एक्केचालीस म्हंजे एक्केचालीसच ना, म्याडम? का अजून काय निघंल?"

तो टोमणा मी कमावलेला होता. मी म्हटलं, "एक्केचाळीसच. पण प्रतीक्षा यादीत तुमचं नाव पहिलं." आपण काय बोललो ते मला बोलून झाल्यावर कळलं. मुलीचं नावही तेच. आई हसली नाही, पण मुलगी खिडकीकडे बघत थोडी हसली असावी, कारण तिचे खांदे हलले. रडलीही असेल. मी विचारलं नाही.

सोमवारी वेबसाइटवाल्यांची फाइल आली. मी ती आधी दुसऱ्या नावाने सेव्ह केली, मग उघडली. म्हात्रे प्रतीक्षाच्या चौकोनात लिहिलं होतं, '७९ टक्के'. ते पान छापून मी सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी वाचलं आणि घडी घालून तिच्या अर्जाला टाचलं.

पुढचे आठ दिवस मी प्रवेशाचं रजिस्टर दर तासाला बघत होते. कोणी कोर्स सोडावा असं मनात आणणं वाईट, हे मला कळतं. तरी आणत होते. तिसऱ्या दिवशी यादीतल्या एका मुलाला पुण्यात फार्मसीला जागा मिळाली. म्हणजे प्रतीक्षा चाळिसावी. मला वाटलं लगेच कळवावं, पण सर म्हणाले, शेवटच्या दिवसाची मुदत संपू द्या, पुन्हा चुकीचं काही सांगायचं नाही. बरोबर होतं त्यांचं. शेवटच्या दिवशी आणखी एक मुलगी आलीच नाही. पाच वाजता सरांनी अंतिम यादीवर सही केली.

"मी करते फोन," तन्वी म्हणाली. मी नको म्हणणार होते, पण तिचा चेहरा बघून फोन तिच्याकडे सरकवला. तिने स्पीकर चालू केला. आईनेच उचलला.

"आंटी, मी कॉलेजातून तन्वी. प्रतीक्षाची ॲडमिशन झाली. अंतिम यादीत तिचा नंबर..." तिने कागदाकडे बघितलं, ओठ हलवून मनात एकदा म्हणून पाहिलं आणि सावकाश सांगितलं, "एकोणचाळीस."

पलीकडे त्यांनी 'एकोनचालीस' असं एकदा स्वतःशीच म्हटलं. मग त्या बाई म्हणाल्या, "बाय माझे, तू विंग्रजीत सांग. नक्की काय ता पोरीलाच लिवून घेव दे."

"थर्टी नाईन," तन्वी म्हणाली. "थ्री, नाईन."

मागून पोरीचा आवाज आला, "आये, काय बोलतान त्या? हाय का नाय?" आणि आईचं उत्तर फोनमध्ये न सांगताही सगळ्या ऑफिसला ऐकू गेलं, "हाय!"